वीस हजार सातशे एक आणि भरतीचे घड्याळ

मी एक जुनी संख्या आहे. वय विचारू नका. पहिला माणूस बोटे मोजायला बसला त्याच्याही आधी मी होतेच. फक्त माझ्यापर्यंत मोजत यायची कोणाला गरज पडली नव्हती. माझे नाव वीस हजार सातशे एक. मित्रांनो, हे नाव ऐकून तुम्ही "बरं, मग?" असे म्हणाल, ते मला ठाऊक आहे. शंभर, हजार, लाख यांचे सगळ्यांना कौतुक. आमच्याकडे कोण बघतो!

मला डोळे नाहीत, कान नाहीत. पण ज्याच्या डोक्यात मी शिरते, त्याने पाहिलेले-ऐकलेले सगळे मला कळते. आणि एकदा शिरले की मी सहजासहजी निघत नाही, ही माझी खोड आहे.

स्वभावाने मी जरा तुसडी. विषम आहे, त्यामुळे दोघांत सारखी वाटली जात नाही. माझ्या अंकांची बेरीज दहा, म्हणून तीन आणि नऊ माझ्या वाटेला जात नाहीत. शेवटी एक आहे, म्हणून पाचाचीही डाळ शिजत नाही. सातने भागा, दोन उरतात. अकराने भागा, दहा उरतात. तेराने भागा, पाच.

उलट माझी शेजारीण बघा, वीस हजार सातशे. काय तो गोड स्वभाव! दोनाने भागा, तीनाने भागा, पाचाने, नवाने, तेविसाने, कशानेही भागा, बाई हसतमुख. चोपन्न विभाजक आहेत तिला. तिला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली तर ती तिच्याहून मोठी भरते, म्हणून गणितवाले तिला विपुल संख्या म्हणतात. तिच्यात आणि माझ्यात फरक फक्त एकाचा. तेवढ्या एकापायी काय होऊन बसले, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

एका गावासमोर समुद्रात एक बेट होते. गावातून बेटावर जायला दगडी रस्ता होता. भरती आली की तो पाण्याखाली जायचा आणि ओहोटी लागली की वर यायचा. रस्त्याच्या मधोमध एक खळगा होता. दोन्ही टोके कोरडी दिसली तरी खळग्यात पाणी रेंगाळत असे, आणि त्याला ओढ फार. शाळा बेटावर होती. ती पाण्याच्या वेळेवर भरायची आणि पाण्याच्या वेळेवर सुटायची. गावातली मुले एका घोडागाडीतून शाळेत जात.

स्वच्छ दिवशी काही प्रश्न नसे. रस्त्याच्या गावाकडच्या तोंडाशी फाटक होते; फाटकवाला डोळ्यांनी पाणी बघायचा आणि ते उघडायचा. पण त्या किनाऱ्यावर धुके असे पडे की स्वतःचा हात दिसू नये. धुक्यात पाणी कसे बघणार? म्हणून गावाने ठरवले, फाटकाशेजारच्या मनोऱ्यावर भरतीचे घड्याळ बसवायचे. त्याला एकच काटा. तबकडीचा निळा भाग म्हणजे पाणी, पांढरा भाग म्हणजे रस्ता मोकळा.

हे काम गावातल्या घड्याळांच्या दुकानाकडे आले. दुकान एका बहीण-भावाचे. बहीण मोठी, हिशेब आणि आखणी तिच्याकडे. भाऊ धाकटा, चाके कापणे आणि जुळवणे त्याच्याकडे. सगळे गाव तिला ताई म्हणे आणि त्याला धाकटा, म्हणून मीही तेच म्हणते. आणि शाळेची ती घोडागाडी हाकायचे ताईचे यजमान. धाकटा त्यांना दाजी म्हणत असे.

दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीखाली लांब बाक होता. त्याच्या फटीफटींत पितळेचा कीस अडकलेला असायचा. तिथेच भिंतीवर मोठी पाटी होती, आणि त्या पाटीवर ताईने मला पहिल्यांदा लिहिले. चंद्र त्याच जागी परत यायला एका दिवसाहून थोडा जास्त वेळ घेतो, आणि भरती चालते चंद्राच्या मागे. ताईने हिशेब केला, की सरासरीने चंद्राच्या वीस हजार फेऱ्या होतात तेव्हा आपले वीस हजार सातशे एक दिवस होतात. माझ्याखाली तिने दोन रेघा ओढल्या. मला किती बरे वाटले, काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी कामाची होते.

"ही घे," ती भावाला म्हणाली. "आता हिला फोड."

फोडायचे म्हणजे काय, ते सांगते. वीस हजार सातशे एक दात्यांचे एक चाक कापता येत नाही. ते मनोऱ्यातही मावणार नाही. म्हणून ज्यांचा गुणाकार मोठी संख्या होईल अशा लहान संख्या शोधायच्या आणि तेवढ्या दात्यांची लहान चाके एकमेकांत अडकवायची. संख्या फुटली तर घड्याळ होते. ती मूळ निघाली, म्हणजे एक आणि स्वतःशिवाय कशानेच भागली गेली नाही, तर सगळे ठप्प.

धाकट्याने खडू घेतला आणि मला भागायला बसला. सतराने, एकोणिसाने, तेविसाने. तेविसाने भागल्यावर एक उरला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. एकोणऐंशीने भागल्यावर फक्त तीन उरले, तेव्हा तो थांबला, पुन्हा भागून बघितले, पुन्हा तीनच. एकशे तेराने भागले, बावीस उरले. तिथे त्याने खडू खाली ठेवला.

"संपलं," तो म्हणाला. "मूळ आहे ही. फुटत नाही."

मित्रांनो, मी मूळ नव्हते! मला ओरडून सांगावेसे वाटत होते. अरे बाबा, अजून थोडा पुढे जा! पण संख्येला तोंड कुठे असते? आणि तो पुढे का गेला नाही, तेही मला कळत होते. चाकाला दाते कापायला त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची एक पितळी तबकडी होती. तिच्यावर छिद्रांची वर्तुळे होती, आणि सगळ्यांत बाहेरच्या वर्तुळात एकशे वीस छिद्रे. त्याहून जास्त दात्यांचे चाक त्या घरात कधी कापलेच गेले नव्हते. वडिलांनी दोघांना लहानपणी शिकवले होते, की एकशे विसापर्यंत फुटली नाही ती मूळ, तिचा नाद सोडा. वडील गेले, पण दोघांच्या डोक्यात ते तसेच राहिले. ताईसुद्धा पाटीजवळ आली आणि तिने सगळे भागाकार तपासले.

"मग आता?" तिने विचारले.

"मग काय! एक काढून टाकू. वीस हजार सातशे घेऊ. तिची चाके आपल्या तबकडीवर हां हां म्हणता कापून होतील."

"अरे, पण ते चूक आहे."

"ताई, वीस हजारांत एक! समुद्र तरी रोज कुठे वेळेवर येतो? वारा असला की मागेपुढे होतोच. फाटकवाला काटा पांढऱ्यात आल्यावरसुद्धा अर्धा तास थांबून मगच फाटक उघडणार आहे."

"वाऱ्याची चूक आज इकडे, उद्या तिकडे. ही चूक एकाच बाजूला साठत जाणार. वर्षाला पंचवीस मिनिटं घड्याळ पुढे पळेल. पाणी उतरायच्या आधीच ते रस्ता मोकळा दाखवेल. तुझा अर्धा तास किती दिवस पुरेल?"

"वर्षातून एकदा मी जाऊन काटा मागे घेईन. बस?"

"तू घेशील. आणि तुला नाही जमलं तर?"

"मला काय धाड भरली आहे?" धाकटा हसला. "कशाला जिवाला घोर लावून घेतेस! गाव आपल्या डोक्यावर बसलंय, घड्याळ कधी, घड्याळ कधी म्हणून."

ताईने फार ताणून धरले नाही. भावाचे हात सोन्यासारखे होते, आणि मला फोडायचा दुसरा मार्ग तिलाही दिसत नव्हता. तिने ओल्या फडक्याने मला पाटीवरून पुसले. मला अतिशय वाईट वाटले, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

घड्याळ मनोऱ्यावर चढले. गावाने धाकट्याला डोक्यावर घेतले. कोणी येऊन चाकांकडे टक लावून बघे, कोणी त्याची पाठ थोपटे. पितळेत बसून माझी शेजारीण मिरवत होती. तिचा तरी काय दोष म्हणा! तिला कोणी विचारले होते? मी मात्र ताईच्या डोक्यात घर करून बसले होते. ती भाजी चिरताना मी होते, दाजींच्या सदऱ्याला गुंडी लावताना मी होते. धुके पडले आणि गाडीची घंटी ऐकू येईनाशी झाली, की ती हातातले काम टाकून दारात उभी राहायची. मग पलीकडे पोचल्याची तुतारी धुक्यातून ऐकू आली की ती आत यायची.

पहिल्या वर्षी धाकट्याने शब्द पाळला. गुपचूप मनोऱ्यावर चढला, काटा मागे घेतला आणि खाली आला. गुपचूप का, तर घड्याळ दरवर्षी ओढून आणावे लागते हे गावाला कळले असते तर नाचक्की झाली असती. फाटकवाल्यालाही तो काही बोलला नाही.

पुढच्या वर्षी काटा मागे घ्यायची वेळ आली त्याच सुमारास तो दुकानातल्या माळ्यावरून पडला. पाय मोडला. हाड नीट जुळले नाही, कुबडी आली. मनोऱ्याचा जिना अरुंद आणि उभा. बरे वाटले की चढू, असे तो म्हणत राहिला. दुसऱ्या कोणाला पाठवायचे तर सगळे सांगावे लागणार. ताईने एकदा विचारले, "काट्याचं झालं ना रे?" तो कानशीने सळई घासत म्हणाला, "हो गं, होईल ते." ताईने त्यातला फक्त 'हो' ऐकला. मी ऐकले होते 'होईल'. माझा जीव टांगणीला लागला. घड्याळ रोज चार सेकंदांहून जरा जास्त पुढे सरकत होते. स्वच्छ दिवशी कोणाला कळत नव्हते, कारण स्वच्छ दिवशी घड्याळाकडे कोणी बघतच नव्हते.

त्या सकाळी धुके एवढे दाट होते की दुकानातून समोरचे घर दिसत नव्हते. दाजी गाडी जोडायला गेले होते. ताईला स्वस्थ बसवत नव्हते, म्हणून तिने आखीव चौकटींचा मोठा कागद बाकावर पसरला. आज तिने भागाकार केला नाही. भागून भागून ती विटली होती. तिने मनाशी म्हटले, ही संख्या म्हणजे एवढी चौकोनी घरे धरू, आणि त्यांचा चौरस होतो का ते बघू.

मित्रांनो, मी चौरस नाही. पण चौरसाच्या जवळ आहे. एकशे चव्वेचाळीस घरांची बाजू घेतली तर चौरसात वीस हजार सातशे छत्तीस घरे होतात. माझ्याहून पस्तीस जास्त. पस्तीस घरांचा स्वतःचा चौरस होत नाही. ताईने बाजू एकाने वाढवली. एकशे पंचेचाळीस. चौरसात एकवीस हजार पंचवीस घरे. माझ्याहून किती जास्त? तीनशे चोवीस.

ताईचा हात थांबला. तीनशे चोवीस म्हणजे अठरा गुणिले अठरा. पुरता चौरस!

तिने कात्री घेतली. मोठ्या चौरसाच्या कोपऱ्यातून अठरा बाय अठराचा लहान चौरस कापून टाकला. उरलेला कागद म्हणजे मी होते, नेमकी मी, एक घर कमी नाही, जास्त नाही. कापलेल्या कोपऱ्याशेजारी अठरा घरे रुंदीची पट्टी लोंबत होती. ती तिने कापली, फिरवली आणि दुसऱ्या बाजूला जोडली. सरळ चारी बाजूंचा आयत झाला. एक बाजू एकशे पंचेचाळीसमधून अठरा वजा, दुसरी बाजू एकशे पंचेचाळीसमध्ये अठरा मिळवून.

"धाकट्या!" ती किंचाळली. "फुटली! अरे, फुटली ती! एकशे सत्तावीस गुणिले एकशे त्रेसष्ट!"

धाकटा कुबडी सावरत आला. त्याने कागद बघितला, तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. दोन्ही संख्या मूळ होत्या, आणि दोन्ही वडिलांच्या तबकडीबाहेरच्या. आनंदाने उडी मारायची सोडून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो खिडकीबाहेर धुक्याकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "या खेपेला काटा मी मागे घेतलेला नाही."

"काय?"

"पायामुळे राहिलं. मग राहूनच गेलं. शेवटचा मागे घेतला त्याला दीड वर्ष होत आलं."

दीड वर्ष. ताईला हिशेब मांडावा लागला नाही. घड्याळ अर्ध्या तासाहून जास्त पुढे होते. फाटकवाल्याची सगळी सूट त्यात गेली होती, वर आणखी थोडे. कागद मुठीत तसाच चुरगळून ती पळत सुटली, आणि मी त्या मुठीत होते.

रस्ता ओला होता. दोनदा तिचा पाय घसरला. भिंती हाताने चाचपत ती वळणे घेत होती. फाटकापाशी पोचली तेव्हा फाटक उघडे होते आणि फाटकवाला निवांत हात चोळत उभा होता.

"गाडी कुठे आहे?"

"ही काय, आत्ताच गेली. का हो ताई, काय झालं?"

"घंटा वाजवा! घड्याळ चुकलंय! खळग्यात पाणी आहे!"

फाटकवाला गोंधळला. पण ताईनेच दोरी धरली आणि घंटा बडवायला लागली. थांबून थांबून नाही, सलग. सलग घंटा म्हणजे मागे फिरा, हे गाडीवाल्यांना ठाऊक असे. धुक्यातून काहीच उत्तर आले नाही. मग घोडा खिंकाळला आणि पाठोपाठ एका मुलीची किंकाळी आली. ताईने घंटेची दोरी फाटकवाल्याच्या हातात कोंबली आणि दुसरी, खांबाला गुंडाळलेली जाड दोरी काढून घेऊन रस्त्यावर धावली.

गाडी खळग्यात उतरली होती. पाणी आसाच्या वर होते आणि गाडी तिरपी होत होती. घंटा ऐकून दाजींनी घोडा रोखला होता, पण रस्ता अरुंद, गाडी वळवायला जागा नव्हती. ते छातीभर पाण्यात उतरून गाडीला खांदा लावून उभे होते.

"दोरी आणली आहे!" ताई ओरडली.

"फेक! आधी पोरं, मग बाकीचं!"

दोरीचे एक टोक ताईने स्वतःच्या कमरेला बांधले आणि रस्त्याच्या खुणेच्या दगडाला पाय रोवून बसली. एकेक मूल दोरी धरून तिच्याकडे आले. कोणी रडत होते, कोणी मुकाट. शेवटच्या मुलीला दाजींनी खांद्यावर घेतले, घोड्याचे पट्टे सुरीने कापले आणि मागे आले. घोडा त्यांच्या पाठोपाठ आला. गाडी उलटली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. सगळी मुले मोजून झाली तेव्हा ताईला रडू फुटले. माझा कागद भिजून तिच्या मुठीत लगदा झाला होता. मला त्याचे काही वाटले नाही.

धाकटा तोवर फाटकापाशी पोचला होता. आईबाप जमले होते. वाऱ्याला दोष देऊन तो सुटू शकला असता, कारण घड्याळ का चुकले ते फक्त ताईला ठाऊक होते. पण त्याने सगळ्यांसमोर सांगितले, "घड्याळ मी चुकीचं बसवलंय. आणि ते मी लपवलं." कोणी त्याला मारले नाही, पण त्याच्याशी कोणी बोललेही नाही.

मग दोघे कामाला लागले. वडिलांची तबकडी पुरत नव्हती, म्हणून ताईने आखीव कागदाची एकशे सत्तावीस घरांची पट्टी कापली आणि बरोबर तेवढ्याच घेराच्या लाकडी चकतीभोवती गुंडाळली. तिच्या खुणांवरून पितळी चाकावर प्रत्येक रेघेला एक दाता. मग एकशे त्रेसष्टची चकती. चंद्राच्या वीस हजार फेऱ्यांसाठी एकशे पंचवीस आणि एकशे साठ. धाकट्याने एकेक दाता कापला आणि ताईने प्रत्येक दाता मोजला. कापताना त्याचे डोळे भरून यायचे, मग तो थांबायचा, पुसायचा, पुन्हा कानस हातात घ्यायचा.

गणितवाले मला न्यून संख्या म्हणतात. मला सोडून माझे विभाजक तीनच, एक, एकशे सत्तावीस आणि एकशे त्रेसष्ट. त्यांची बेरीज दोनशे एक्याण्णव. एवढ्या मोठ्या संख्येच्या मानाने अगदीच गरिबी! पण त्यातल्या दोघांच्या आकाराची चाके मनोऱ्यात फिरू लागली तेव्हा मला कशाचीही उणीव वाटली नाही.

नवे घड्याळ लागल्यावर पहिले धुके पडले तेव्हा फाटकापाशी एकही मूल आले नाही. काटा पांढऱ्यात आला, वर अर्धा तास झाला, तरी फाटकवाला जागचा हलेना.

"मी नाही उघडणार," तो म्हणाला. "माझ्या हातून एकदा झालं तेवढं पुरे."

"उघडा," धाकटा म्हणाला. "पोरं नकोत. मी जातो."

दाजींनी मुकाट्याने नवी गाडी पुढे घेतली. धाकटा कुबडी घेऊन पुढे चढला. ताईने त्याच्याकडे बघितले आणि तीही चढून त्याच्या शेजारी बसली. फाटक उघडले. धुक्यात फक्त टापांचा आवाज येत होता. ताईने भावाचा हात घट्ट धरला होता आणि मनातल्या मनात माझा गुणाकार पुन्हा पुन्हा करत होती. मलाही धीर नव्हता. मी बरोबर आहे हे मला ठाऊक होते, पण समुद्राला ते ठाऊक आहे का?

उतार लागला. खळगा आला. दाजींनी घोडा थांबवला. धाकटा खाली उतरला, कुबडी टेकली आणि मग वाकून हाताने दगड चाचपले.

"ताई," तो म्हणाला, "नुसतीच ओल आहे. पाणी नाही." आणि तो तिथेच बसून लहान मुलासारखा रडला.

त्याला आता फार वर्षे झाली. ते दोघेही गेले, दाजीही गेले. मनोऱ्यावर वर्षातून एकदा जाऊन काटा मागे घ्यायचे काम कोणाला करावे लागत नाही, त्यामुळे वर कोणी फिरकतही नाही. चाकांवर धूळ बसली आहे, तेल सुकले आहे. परवा एक गृहस्थ येऊन म्हणाले, एवढ्या विचित्र दात्यांची चाके कोण ठेवतो, साधी सुटसुटीत बसवून टाकू.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. एखादी संख्या, एखादा माणूस तुम्हाला अडेल वाटला, तर लगेच शेजारच्या सोप्याला हाक मारू नका. अजून थोडे पुढे जाऊन बघा. आणि कधी त्या मनोऱ्यावर गेलात, तर माझ्या दात्यांवरची धूळ झटका आणि तेलाचे चार थेंब घाला. धुके पडले की त्या गाडीत अजूनही मुले बसलेली असतात.